जुनें टाकावें कीं ठेवावें ?

आमची कन्या अमेरिकेंत असते व दर रविवारीं सायंकाळीं व्हिडिओ कॉल करून घरच्यांशीं बोलते. गेल्या महिन्यांत एके रविवारीं "आई, माझ्या तपासणीचा अहवाल आला, आणि त्यांत—" एवढेच शब्द ऐकूं आले व पडद्यावरील तिची मुद्रा जागच्या जागीं थिजली. संबंध पुनः जुळण्यास अर्धा तास लागला. अहवाल निर्दोष होता. परंतु त्या अर्ध्या तासांतील आमच्या कुटुंबाची अवस्था आम्हांस पाहवली नाहीं. याचें कारण आमचा दहा वर्षांचा वायफाय राउटर, आणि 'चालतो तोंवर चालूं द्या' हा आमचा बाणा !

"आजोबा, आजच नवा मागवूं या," नातू म्हणाला. आम्हीं त्यास थांबविलें. नाडी न पाहतां औषध देणारा वैद्य आणि दोष न शोधतां वस्तु बदलणारा गृहस्थ हे एकाच माळेचे मणी होत. जें असतां कार्य घडतें व नसतां घडत नाहीं तें त्याचें कारण, ही न्यायशास्त्रांतील अन्वय-व्यतिरेकाची रीत. तिचाच अवलंब करण्याचें ठरविलें.

प्रथम संगणक राउटरला तारेनें जोडला. तासभर संबंध तुटला नाहीं; म्हणजे बाहेरून येणारी जोडणी ठीक होती. मग जागा पाहिली. राउटर लोखंडी कपाटामागें, व शेजारींच मायक्रोवेव्ह ओव्हन ! धातु हे तरंग अडवितो. शिवाय २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा दूरवर पोहोंचतो खरा, पण ओव्हनचे तरंगही त्याच पट्ट्यांतले, आणि शेजाऱ्यांच्या राउटरांची गर्दीही तेथेंच. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, परंतु भिंतीपलीकडे लवकर क्षीण होणारा. राउटर दिवाणखान्यांत उंच फळीवर ठेवला, आणि एक पैही खर्च न होतां निम्मा त्रास गेला.

निम्मा मात्र राहिला. चार-पांच तास तापल्यावर राउटर आपोआप बंद पडून पुनः सुरू होई. त्याच मापाचा दुसरा अडॅप्टर लावूनही तेंच. दोष आतां यंत्राच्याच पोटांत होता. त्यांतच नातवानें शोधून काढलें कीं, या नमुन्यासाठीं सुरक्षेच्या सुधारणा देणें निर्मात्यानें केव्हांच थांबविलें आहे. येथें आमचा बाणा गळाला. ज्या दाराचें कुलूप खिळखिळें झालें व दुरुस्त व्हावयाचें नाहीं, त्या दाराआड पेन्शनचे व बँकेचे व्यवहार चालविणें ही काटकसर नव्हे.

तेव्हां सुज्ञ वाचकांस आमचें सांगणें एवढेंच : आधीं तार, मग जागा, मग अडॅप्टर तपासावा. तेवढ्यानें भागलें तर नव्याच्या मोहांत पडूं नये. न भागलें तर जुन्याच्या मायेस काटकसरीचें नांव देऊं नये.

नवा राउटर आला. पुढच्या रविवारीं मायलेकी तासभर बोलल्या. "ऐकूं येतंय का ग ?" असें आमच्या कुटुंबास एकदांही विचारावें लागलें नाहीं.