व्यापारमार्ग आणि व्यापाराची बंधने

आमच्या दिलसुखनगरातून जाणारा पुणे-सोलापूर-हैदराबाद-मछलीपट्टण हा 65 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग म्हणजे या भागातील व्यापाराची धमनीच होय. लातूरची तूर उमरग्यास अथवा बिदरवरून जहीराबादेस या मार्गाला मिळते आणि महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण अशी तीन राज्ये पाहून आमच्या गोदामी येते. असा मार्ग रुंद झाला की त्या त्या प्रदेशाचा उत्कर्ष आपोआप होतो, असे हल्ली सभासंमेलनांतून सांगण्यात येते. धान्याच्या पेढीवर आयुष्य घालविलेल्या माणसाला हे अर्धेच खरे वाटते. मालमोटारीला रस्ता पुरतो; व्यापाऱ्याला त्याखेरीज उद्याचा नियम आज ठाऊक असावा लागतो.

थोडा पूर्वेतिहास पाहावा. निजामाच्या राज्यात लातूर व हैदराबाद एकाच अमलाखाली होते. सोलापूर मात्र सरहद्दीपलीकडे, आणि मध्ये करोडगिरीचे नाके. संस्थान भारतात विलीन झाल्यावर ते नाके यथाकाल उठले. परंतु 1956 च्या राज्यपुनर्रचनेने लातूर व हैदराबाद यांच्यामध्येच राज्याची सीमा आली. पुढे तांदूळ-गहू एका विभागातून दुसऱ्या विभागात नेण्यास जी बंदी होती, ती 1977 साली उठली. विक्रीकराचे तपासणी नाके मात्र 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर येईपर्यंत टिकले. चालकाने कागद घेऊन ताटकळावे आणि खोळंब्याचा भुर्दंड आम्ही सोसावा, असा तो क्रम होता. ते नाके गेले, हे नव्या करातील निर्विवाद सुख. बाकीच्या तपशिलाविषयी आमच्या मुनीमजींचे मत निराळे आहे!

आता नाका रस्त्यावरून उठून राजपत्रात येऊन बसला आहे. तुरीचेच उदाहरण घ्यावे. लातूरच्या तुरीला आज अकोला-गुलबर्ग्याच्या तुरीबरोबरच मोझांबिक, मलावी, टांझानिया व ब्रह्मदेश येथील तुरीशीही टक्कर द्यावी लागते. मलावीपासून मोझांबिकच्या नकाला बंदरापर्यंत लोहमार्ग आहे. 2023 च्या अखेरीस त्या बंदरात भारताकडे निघालेल्या तुरीच्या खेपा वादात अडकून पडल्या. मार्ग होता, माल होता, गिऱ्हाईकही होते; तरी माल हलेना.

आयात नसावी, असे माझे मुळीच म्हणणे नाही. गरिबाच्या ताटात डाळ पडलीच पाहिजे. तक्रार आहे ती वेळेविषयी. मे 2021 मध्ये तुरीची आयात खुली झाली व तिची मुदत वेळोवेळी वाढत गेली. 2025 साली ही वाढ जाहीर झाली ती जानेवारीत, म्हणजे नवी तूर खळ्यावरून बाजारात येत असतानाच. ज्याने मृगात पेरणी केली, त्याला हे कळावयास हवे होते पेरणीपूर्वी. तद्वत् 21 जून 2024 पासून तूर व हरभऱ्याच्या साठ्यावर मर्यादा आली: घाऊक व्यापाऱ्यास 200 टन, किरकोळ दुकानदारास 5 टन. अशा वेळी पैसे चुकते करून वाटेवर असलेल्या मालाचे काय करावे, ही पंचाईत लहान पेढीची होते. मोठ्यांना वारा आधीच लागलेला असतो.

आपल्यात साठेबाज नाहीत, असे मी म्हणणार नाही. त्यांना अवश्य दंड व्हावा. पण साठेबाजाला धरण्यासाठी सगळ्या बाजाराचे हात बांधणे हा न्याय नव्हे, आणि त्याने भावही उतरलेच असे होत नाही.

तेव्हा आपल्या संघाने केंद्र सरकारकडे दोन गोष्टी मागाव्यात. आयातीची मुदत व जकात दरवर्षी मे अखेरपूर्वी जाहीर व्हावी. आणि साठामर्यादा लावताना आधी सौदा झालेल्या मालास तीस दिवसांची सवलत मिळावी. हा अर्ज लातूरच्या आडत्यांसह एकत्र जावा. एकेकट्या गावाचा कागद फायलीतच राहतो, आणि पुढची पेरणी काही थांबणार नाही.