ख्रिस्त हवा, मंडळी नको?

शिकल्यासवरलेल्या ख्रिस्ती घरांत हल्ली एक वाक्य बरेचदा ऐकू येते: माझा ख्रिस्तावर विश्वास आहे, मंडळीवर नाही. बोलणारा माणूस नास्तिक नसतो. त्याचा बाप्तिस्मा झालेला असतो, दृढीकरण झालेले असते, निजण्यापूर्वी तो प्रार्थनाही करतो. नाताळ आणि ईस्टरला तो चर्चमध्ये दिसतो. बाकीचे रविवार त्याने स्वतःच्या नावावर करून घेतलेले असतात. या भूमिकेला आळस म्हणून झटकून टाकता येईल, पण ते अप्रामाणिकपणाचे होईल. तिच्यामागे युक्तिवाद आहेत, आणि त्यांतला एखादा तर मंडळीला मान खाली घालायला लावणारा आहे.

पहिला आधार थेट शास्त्राचा घेतला जातो. आपल्या नावाने दोघे-तिघे जमतील तिथे आपण असू, असे येशू म्हणाला; मग सभासदांचे रजिस्टर, कमिटी आणि वर्गणी कशाला? नवरा-बायको घरी प्रार्थनेला बसले की झाली मंडळी! मत्तयाच्या 18 व्या अध्यायातले हे वचन त्याच्या जागेवरून उचलले तरच हा अर्थ निघतो. त्याच्या आधीच्या ओळींत भावाने अपराध केला तर काय करावे हे सांगितले आहे. आधी एकांतात त्याची चूक त्याला दाखवायची; ऐकले नाही तर आणखी एक-दोघांना सोबत न्यायचे; तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांगायचे. दोघा-तिघांचे अभिवचन या भांडण मिटवण्याच्या वाटेवर दिलेले आहे. कोणी आपली चूक दाखवू नये म्हणून घरी बसलेल्यांनी नेमके हेच वचन ढाल म्हणून वापरावे, याला काय म्हणावे?

दुसरा आधार थोरांचा. नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला खरा, पण तिथल्या चर्चच्या शिकवणुकीवर त्यांनी सिस्टर जेराल्डीन या तिथल्या धर्मभगिनीशी पत्रांतून कडाक्याचा वाद घातला आणि आपली सदसद्विवेकबुद्धी कोणा धर्मगुरूच्या हवाली करायला नकार दिला. मग आम्हीच का बांधून घ्यावे?

टिळक मिशनमधून बाहेर पडले ते काय करायला, हा प्रश्न मात्र विचारला जात नाही. त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला. ज्यांचा बाप्तिस्मा झाला आहे आणि ज्यांचा झालेला नाही, अशा ख्रिस्तभक्तांचा तो बंधुसंघ होता. त्यांची तक्रार मिशनऱ्यांच्या वर्चस्वाविषयी आणि परकेपणाविषयी होती. माणसांच्या गर्दीविषयी नव्हती. त्यांना दार आणखी रुंद हवे होते. आजही मराठी उपासनेत टिळकांची गीते मंडळी उभी राहून गाते. रमाबाईंनी तर केडगावला दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली आणि निराधार विधवा यांच्यासोबत उरलेले आयुष्य काढले. या मुली त्यांनी आवडीनिवडीने गोळा केल्या नव्हत्या. दुष्काळाने त्या त्यांच्या पदरात टाकल्या होत्या. त्यांच्यासाठी रमाबाईंनी शाळा काढली, छापखाना घातला, प्रार्थनामंदिर बांधले. टिळक आणि रमाबाई यांच्या बंडाचा दाखला देऊन रविवारी उशिरापर्यंत झोपणे म्हणजे त्यांचे नाव घेऊन त्यांचेच काम टाळणे होय.

तिसरा युक्तिवाद पडद्याचा. 2020 च्या टाळेबंदीत उपासना मोबाइलवर आली आणि पुष्कळांच्या लक्षात आले की जगातले उत्तमोत्तम संदेश घरबसल्या ऐकता येतात. मग आमच्या पाळकांचा तोच तो संदेश का ऐकावा? अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला किंवा मराठी उपासना नसलेल्या परदेशी गावात राहणाऱ्याला पडदा मोठाच आधार आहे, तो हिरावून घेण्याचे कारण नाही. पण धडधाकट माणसाने हे कारण सांगताना एवढे ध्यानात घ्यावे की पडद्यावरच्या वक्त्याला त्याचे नाव माहीत नसते. त्याच्या घरी मयत झाली तर शवपेटीला खांदा द्यायला तो येणार नाही. त्याने मुलाला मारले, बायकोला टाकून बोलला, लाच घेतली, तरी तो वक्ता त्याला एका शब्दाने विचारणार नाही. पुष्कळांना तो आवडतो, त्याचे खरे कारण कदाचित हेच असावे.

आता सगळ्यात जड आक्षेप. मंडळीत दांभिकपणा आहे, गटबाजी आहे, पंथांची फाळणी आहे, मिशनच्या जागांवरून धर्मादाय आयुक्तांपासून उच्च न्यायालयापर्यंत खटले आहेत. आणि लग्नाची गोष्ट निघाली की ख्रिस्तात एक झालेले लोक हळूच मूळची जात विचारतात. यातले एक अक्षरही खोटे नाही. ते नाकारणाऱ्याने मंडळीची बाजू मांडूच नये.

पण यावरून निष्कर्ष काय काढायचा? इ. स. 50 च्या दशकातली करिंथची मंडळी पाहावी. तिथे पौलाच्या, अपुल्लोच्या आणि केफाच्या नावाने गट पडले होते. भाऊ भावाला कोर्टात खेचत होता. प्रभुभोजनाला सधन लोक आधीच जेवून घेत, कोणी तर पिऊन झिंगत, आणि गरीब उपाशी राहत. पौलाने त्यांना इतके झोडपले आहे की आजही वाचताना चरका बसतो. तरीही त्याच पत्राच्या आरंभी तो त्यांना देवाची मंडळी म्हणतो. चांगल्या लोकांनी तिथून निघून जावे आणि आपापल्या घरी पवित्र राहावे, असा सल्ला त्याने दिला नाही. जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा, असे त्याने सांगितले.

खटल्यांचे म्हणाल तर हिशेब सरळ आहे. बहुतेक मंडळ्यांत कमिटी सभासदांच्या मतांनी निवडली जाते. हिशेब विचारणारी, निर्मळ, शिकलेली माणसे कंटाळून निघून गेली की यादीत उरतात ते जागेवर डोळा असलेले आणि त्यांचे पाहुणेरावळे. मग बाहेर गेलेलेच बोट दाखवून म्हणतात, बघा, किती बिघडली मंडळी! पंथांच्या फाळणीचेही तसेच. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्चसंघ एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, त्यामागे 1929 पासूनची बोलणी होती. चार दशके ज्यांनी त्या बैठकांतला कंटाळा सोसला, ती आपापल्या मंडळीत घट्ट रुजलेली माणसे होती.

आणि जात? ती एकट्याच्या खोलीत मोडता येत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला ठाऊक आहे की नवरा, म्हणजे नारायण वामन टिळक, ख्रिस्ती झाल्यावरही त्यांचे सोवळेओवळे लगेच गेले नाही. ख्रिस्ती माणसांत राहता राहता, विचार करता करता ते सुटले, आणि पुढे सगळ्या जातींची लेकरे त्या घरात जेवू लागली. प्रभुभोजनाच्या मेजाशी वेगवेगळ्या वस्तीतून आलेली माणसे एका भाकरीतले तुकडे घेतात, तेव्हा निदान जातीला एक प्रश्न विचारला जातो. घरी बसून युट्यूब बघणाऱ्याच्या जातीला तो प्रश्न कोणीच विचारत नाही.

इथपर्यंत खंडन झाले. मंडनाचा मुद्दा एकच आहे: प्रीतीची आज्ञा पाळायची तर समोर नावागावाची माणसे लागतात. पौलाने आपली पत्रे रोम, करिंथ, फिलिप्पै, थेस्सलनीका अशा ठिकाणच्या माणसांना लिहिली. रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा शेवटचा अध्याय जवळजवळ सगळा नावांनी भरला आहे: किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी, प्रिस्का आणि अक्विला, त्यांच्या घरात जमणारी मंडळी. सबंध मानवजातीवर प्रेम करणे सोपे आहे, कारण मानवजात कधी उसने पैसे मागत नाही. स्थानिक मंडळीत मात्र बेसूर गाणारे काका असतात, दर प्रार्थनासभेत तीच साक्ष देणाऱ्या बाई असतात, आणि आपण ज्याच्याशी वर्षभर बोललेलो नाही तो माणूस अर्पणाची थैली घेऊन आपल्याच बाकाशी येऊन उभा राहतो. मित्र आपण निवडतो, मंडळी आपल्याला मिळते. क्षमा, सहनशीलता, दुसऱ्याला आपल्याहून श्रेष्ठ मानणे या गोष्टी न निवडलेल्या माणसांतच शिकाव्या लागतात. पंगतीला हजर आणि वाढायला गैरहजर असे राहून हे शिक्षण होत नाही.

बांधिलकी म्हणजे आंधळी आज्ञाधारकता, असा अर्थ कोणी काढू नये. पाळक किंवा पुढारी स्त्रीवर अथवा मुलावर हात टाकतो आणि कमिटी ते झाकते, तिथे एकीच्या नावाखाली गप्प बसणे हे पापच आहे. मुलावरील लैंगिक अत्याचार माहीत असूनही न कळवणे हा 2012 च्या पोक्सो कायद्याने गुन्हाही आहे. अशा ठिकाणी पोलिसांत जावे. जो छळला गेला त्याने तिथेच थांबावे असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्याने दुसरी मंडळी शोधावी, आणि त्या मंडळीने त्याला सावकाश, प्रश्नांचा मारा न करता, आपलेसे करावे. पण अत्याचाराने होरपळलेल्या माणसाचे दुःख पुढे करून ज्याला केवळ कंटाळा आला आहे त्याने आपली गैरहजेरी सजवू नये.

ज्याला मंडळीचा राग येतो त्याचा राग बहुधा खरा असतो, आणि म्हणूनच तो मंडळीच्या उपयोगाचा आहे. त्याने सभासदांच्या यादीत नाव कायम ठेवावे, वार्षिक सभेत ताळेबंद मागावा, संडे स्कूलचा एक वर्ग घ्यावा, आजाऱ्याच्या घरी जावे, आणि आपली चूक कोणी दाखवली तर ती ऐकून घ्यावी. एवढे करूनही त्याला मंडळीवर टीका करायची असेल तर जरूर करावी. त्या टीकेला तेव्हा वजन येईल.