आमच्या गल्लीतून : भुरका

या खेपेला संपादकांनी आम्हाला सक्त ताकीद दिली होती. ‘गेल्या दोन अंकांत तुम्ही व्हिसा आणि पेन्शन यांवरच लिहिलंत. वाचक कंटाळले. आता काहीतरी खाण्याचं येऊ द्या!’ खाण्याचे म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे एकच जागा उभी राहते. निशिकासाई स्टेशनापासून पाच मिनिटांवरचे, नऊ स्टुलांचे रामेनचे दुकान. नाव मुद्दामच सांगत नाही. स्टुले नऊ आणि मंडळाचे सभासद किती, हा हिशेब वाचकांनी स्वतः करावा.

टोकियोबाहेरच्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की निशिकासाई हा एदोगावा वॉर्डातला भाग. २००० सालच्या त्या गाजलेल्या ‘वायटूके’च्या कामासाठी भारतातून संगणकवाले आले आणि तोझाई लाइनने ऑफिसला जायला सोपे म्हणून इथे राहिले. आम्ही त्यांतलेच. दोन वर्षांसाठी आलो होतो. असो.

त्या दुकानात आम्ही वर्षानुवर्षे एकटेच जात होतो. २०२४ च्या ऑक्टोबरात मात्र आप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना घेऊन गेलो. त्याची ही हकीकत.

पण आधी नवख्यांसाठी दुकानाची रीत सांगायला हवी. दारातच तिकिटाचे मशीन असते. पैसे टाकायचे, बटण दाबायचे, येईल ते तिकीट काउंटरवर ठेवायचे. जपानी वाचता येत नसेल तर वरच्या ओळीतले डावीकडचे पहिले बटण दाबावे. बहुतेक दुकानांत खासियत तिथेच असते. पाणी आपले आपण घ्यायचे. वाडगा पुढ्यात आला की गप्पा बंद. शेवया गरम रश्श्यात बसल्या की फुगून मऊ होतात, शिवाय बाहेर माणसे रांगेत उभी असतात. दहा-पंधरा मिनिटांत संपवायचे, रिकामा वाडगा वरच्या फळीवर ठेवायचा, ‘गोचिसोसामा’ म्हणायचे आणि उठायचे. टीप नाही, बडीशेप नाही. आमच्या दुकानात साधा वाडगा ९८० येनला आहे. हजाराच्या वर दर नेला की गिऱ्हाईक बिचकते, म्हणून रामेनवाले ‘हजार येनची भिंत’ असे म्हणतात. आमचे मालक त्या भिंतीला पाठ लावून उभे आहेत.

शाकाहारी वाचकांनी मात्र सावध असावे. वर नुसत्या भाज्या दिसल्या तरी खालचा रस्सा डुकराच्या किंवा कोंबडीच्या हाडांचा, नाहीतर सुक्या मासळीचा असतो. हल्ली तीळ आणि सोयाच्या दुधाचे शाकाहारी रामेनही काही ठिकाणी मिळते. ते शोधून, विचारून खावे.

आणि हे रामेन जपानी म्हणून आपण खातो, पण ते मूळचे इथले नव्हे. चीनमधून आलेल्या शेवयांचे हे रूप. आसाकुसाच्या राइराइकेन या दुकानाने १९१० साली योकोहामाहून चिनी आचारी आणून ते टोकियोच्या सामान्य माणसापुढे ठेवले. त्याच १९१० साली तैवानात जन्मलेल्या मोमोफुकु आंदो यांनी १९५८ साली झटपट रामेन आणि १९७१ साली कपातले नूडल्स बाजारात आणले. १९९४ साली तर योकोहामात रामेनचे म्युझियम निघाले. परक्या मुलखातून यावे आणि ऐंशी वर्षांत म्युझियममध्ये जाऊन बसावे! आम्हाला इथे पंचवीस वर्षे झाली आणि अजून घरमालक दर करारनाम्याला जामीन मागतो.

शेवयांचीही एक गंमत. रामेनच्या पिठात ‘कान्सुइ’ नावाचे क्षाराचे पाणी घालतात. त्याने शेवया पिवळसर होतात आणि दाताखाली तटतटीत लागतात. हे क्षार म्हणजे आपल्या पापडखाराचे सख्खे भाऊ. उडदाच्या पिठात जे घालून आमची आई पापड लाटायची, त्याच जातीची वस्तू इथला माणूस गव्हाच्या पिठात घालतो. आईला हे सांगायचे होते. राहून गेले. २०२३ साली ती गेली.

तर आप्पा. कोल्हापूरचे. आयुष्य एस.टी.च्या वर्कशॉपात गेले. आमच्या घरी रविवारी तांबडा-पांढरा रस्सा होई आणि आप्पा पानावर बसले की पहिला भुरका पांढऱ्या रश्श्याचा. तो भुरका म्हणजे काय वर्णावा! वाटी ओठाला लागली की सुरू होई तो सोप्यातून निघून स्वयंपाकघरापर्यंत पोचे. आई चुलीपाशी बसून तो ऐके. भुरका लांब आला म्हणजे रस्सा जमला. तोकडा आला की न विचारता मिठाचे भांडे घेऊन बाहेर येई. त्या दोघांत जेवणावर दुसरे बोलणे झालेले आम्हाला आठवत नाही.

२००९ साली दोघे इथे आले होते. आमच्या ऑफिसच्या साहेबांनी मोठ्या अगत्याने एका युरोपियन पद्धतीच्या हॉटेलात सर्वांना बोलावले. पांढरे टेबलक्लॉथ, पाच प्रकारचे चमचे. आधी सूप आले. आप्पांनी चमचा उचलला आणि भुरका मारला. कोणी काही बोलले नाही, साहेबांनी तर नजरसुद्धा उचलली नाही. पण आमचे कान तापले. आम्ही वाकून हळूच म्हणालो, ‘आप्पा, आवाज नको.’

‘बरं,’ म्हणाले आणि चमचा खाली ठेवला.

त्यानंतर आम्ही आप्पांचा भुरका ऐकला नाही. सुट्टीत कोल्हापूरला गेलो तरी नाही. एकदा आईला विचारले, ‘हल्ली आप्पा भुरका मारत नाहीत?’ ती भांडी आवरता आवरता म्हणाली, ‘मारत्यात की. तू नसलास की मारत्यात.’

आई गेल्यावर आप्पा कोल्हापुरात एकटेच होते. बऱ्याच मिनतवाऱ्या करून तीन महिन्यांसाठी त्यांना आणले. आले, पण जेवणात लक्ष नाही. आमच्या सौ.ने थालीपीठ केले, झुणका केला, मटण केले. अर्धी भाकरी खाऊन ‘झालं माझं’ म्हणत. सौ. काळजीत, आम्ही काळजीत. शेवटी चिरंजीवांनीच सुचवले. यांचा जन्म इथला, वय सोळा, मराठी अडखळत. पण आजोबांवर जीव. म्हणाले, ‘आजोबांना रामेन देऊ या. तिथलं चिकनचं आहे. पोर्क नाही.’

ते खरे होते. क्यूशूकडचे प्रसिद्ध रामेन ‘तोनकोत्सु’, डुकराच्या हाडांचे. आप्पांना ते चालले नसते. आमच्या दुकानात मात्र ‘तोरी पाइतान’ मिळते, म्हणजे कोंबडीच्या हाडांचा पांढरा रस्सा. वरचे मांसही कोंबडीचेच, हे मालकांना आम्ही पूर्वीच विचारून ठेवले होते.

तिकिटाचे मशीन आप्पांना फार आवडले. नोट आत गेली, नाणी खुळखुळत बाहेर आली. ‘कंडक्टरची गरज न्हाई म्हन की!’ महिन्याभरात त्यांनी उच्चारलेले हे सर्वात मोठे वाक्य.

काउंटरवर तिघे ओळीने बसलो. मधे आप्पा. समोर मालक, डोक्याला टॉवेल बांधलेले. आप्पा नुसते बघत होते. वाडग्यात आधी तळाशी ‘तारे’, म्हणजे खारट मसालेदार अर्क, घातला. वर रस्सा ओतला. शेवया जाळीदार झाऱ्यात झटकून पाणी काढले, तीनच हिसड्यांत. मग मांसाचे काप, अर्धे अंडे, पातीचा कांदा. कुठे एक हालचाल जास्तीची नाही. वर्कशॉपच्या माणसाला हे कळते.

‘रस्सा किती वेळ आटवतात, विचार,’ आप्पा म्हणाले. चिरंजीवांनी विचारले. मालकांनी आठ बोटे दाखवली.

‘आठ तास! आणि खोबरं?’

खोबरे नाही. तीळ, खसखस, काजू काही नाही. मग पांढरा कसा? मालक सांगत होते, नातू जमेल तसे मराठीत आणत होता. हाडे मोठ्या आचेवर खळखळ उकळायची. मंद आचेवर ठेवले तर रस्सा निवळशंख राहतो. खळखळ उकळला की चरबी आणि हाडांतला चिकटा पाण्यात घुसळून एक होतात आणि दुधासारखे दिसते. आप्पा मान हलवत राहिले. ‘आपल्यात वाटणानं पांढरा. हितं नुसत्या जाळानं पांढरा.’

वाडगे आले. आप्पांनी चॉपस्टिक्स नाकारून काटा मागितला आणि गुपचूप खाऊ लागले. आम्हीही आमच्या नेहमीच्या पद्धतीने खाऊ लागलो. तेवढ्यात शेजारच्या स्टुलावरच्या टॅक्सीवाल्याने सुरुवात केली. झुरुझुरु, झुरुझुरु! पलीकडच्या दोन ऑफिसातल्या मुली, कोपऱ्यातले एक म्हातारे गृहस्थ, सगळे तेच. शेवया वाफाळत्या असतात, हवेबरोबर ओढल्या की तोंड भाजत नाही आणि वास नाकापर्यंत पोचतो. हीच मंडळी स्पॅगेटी खाताना चिडीचूप असतात हो. पण रामेन आणि सोबा आवाजानेच खायचे. इथल्या राकुगो नावाच्या कथाकथनात कथेकरी मिटलेल्या पंख्याच्या चॉपस्टिक्स करून नुसत्या तोंडाने सोबा ओढल्याचा आवाज काढतो आणि सभागृहाला भूक लागते!

आप्पांनी काटा थांबवला. टॅक्सीवाल्याकडे पाहिले. मग आमच्याकडे पाहिले.

‘हितं चालतंय व्हय?’

‘चालतं, आप्पा. इथं असंच खातात.’

‘मग तू का गप खातुयास?’

मंडळी, याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. पंचवीस वर्षे आम्ही या देशात रामेन खातो आहोत आणि पंचवीस वर्षे आवाज न करता खातो आहोत. कोणी सांगितले होते? कोणीच नाही. आम्हीच आम्हाला सांगितले होते, आणि मग आप्पांनाही सांगितले.

आम्ही चार शेवया उचलल्या आणि जोरात ओढल्या. सवय नव्हती. रस्सा नाकात गेला, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी. टॅक्सीवाल्याने पाण्याचा जग आमच्याकडे सरकवला. आणि आप्पा हसले. आई गेल्यापासून आम्ही ते प्रथम पाहिले.

‘असं न्हवं,’ म्हणाले. काटा खाली ठेवला, वाडगा दोन्ही हातांनी उचलला, ओठाला लावला.

भुरका लांब होता. तीच सुरुवात, तोच मधला चढ. चिरंजीव ‘आजोबा, सुगोइ!’ म्हणून ओरडले. मालकांनी वर बघून मान लववली. आमचे कान मात्र नकळत मागे लागले होते. मिठाचे भांडे घेऊन आता कोणी बाहेर यायचे नव्हते.

वाडगा त्यांनी संपवला. चिरंजीवांनी शिकवल्याबरहुकूम वर फळीवर ठेवला आणि आपल्या कोल्हापुरी ठसक्यात ‘गोचिसोसामा’ म्हणाले.

परत येताना चिरंजीव पुढे गेल्यावर आम्ही धीर केला. ‘आप्पा, त्या वेळी हॉटेलात मी तुम्हाला बोललो होतो. आवाज करू नका म्हणून.’

‘कवाचं?’

‘दोन हजार नऊ साली. साहेबांबरोबर.’

आप्पा थोडा वेळ चालत राहिले. ‘मला न्हाई बा आठवत,’ म्हणाले. आणि चार पावलांनंतर : ‘पातळ हुतं पर ते सूप.’

आप्पा जानेवारीत कोल्हापूरला परतले. तोवर दर रविवारी आम्ही तिघे त्या दुकानात जात होतो. घरीही नंतर आमटीला भुरका लागू लागला, आणि सौ. मीठ तपासायला बाहेर येऊ लागल्या. रामेनबद्दल आप्पांचे मत शेवटपर्यंत एकच राहिले : रस्सा बरा, मीठ जास्त, तिखट नाही.

आमचे वाचक आई-वडिलांना इथे बोलावतात, फुजी दाखवतात, डिस्नेलँड दाखवतात. जरूर दाखवावे. पण एक दिवस अशा नऊ स्टुलांच्या दुकानातही न्यावे, आणि त्यांच्या शेजारी बसून स्वतः आवाज करून खावे. दुकानाचा पत्ता हवा असल्यास आम्हाला फोन करावा. आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तरच सांगू.