आधी आपल्याकडे काय आहे ते मोजू या

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके छिंदवाड्यातून वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हटला की काय काय हवे, याच्या याद्या निघतातच. मागण्या रास्त आहेत. त्या करायलाच हव्यात. परंतु आपल्यापाशी काय आहे, याचीही एक यादी असावी, असे आम्हांस वाटते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात आणि पांढुर्णा व सावरगाव ही दोन्ही गावे काठावर लोटतात. गोटमारीत दरवर्षी माणसे जखमी होतात, त्याचे कौतुक आम्ही करणार नाही. पण निमंत्रणपत्रिका न छापता दोन गावे एकत्र येतात, ही शक्तीच आहे. हीच माणसे वर्षातून एक दिवस नदी साफ करायला उतरली तर?

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या दुष्काळी गावाने पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात श्रमदान केले, पाणी अडवले, शेतीसाठी बोअरवेल खणणे बंद केले. पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद गावापुढे मांडला जातो, मग पिके ठरतात. सरकारी योजना तेथेही आल्या. निर्णय मात्र गावाने घेतले.

आपला संत्राही पाण्यावरच उभा आहे. आंबिया बहाराला ताण केव्हा द्यायचा आणि केव्हा तोडायचा, हे आपल्या आजोबांना ठाऊक आहे. पै-पैचा हिशेब चोख ठेवणाऱ्या बचत गटांतल्या आया आहेत. गावाला रात्री एकत्र बसवणारी भजनी मंडळे आहेत.

म्हणून आमची सूचना साधी आहे. विद्यार्थ्यांनी दिवाळीत आणि पुन्हा अक्षय तृतीयेला, घरचे मोठे माणूस सोबत घेऊन, दोराला दगड बांधून आपल्या विहिरीचे पाणी किती हात खोल आहे ते मोजावे. पालकांनी आकडे वहीत उतरवून घ्यावेत. विश्वस्तांनी ते गावनिहाय शाळेच्या फलकावर लावावेत आणि ग्रामसभेत मांडण्याची जबाबदारी घ्यावी.

या कामाला ना निधी लागतो, ना मंजुरी. आपल्या विहिरीचा आकडा हाती घेऊन उभ्या राहिलेल्या गावाची मागणीही अधिक वजनदार ठरते.