विश्वाच्या खतावणीतली न जुळणारी नोंद

अलकनंदा म्हटले की आपल्याला बद्रीनाथची वाट आठवते, रुद्रप्रयागचा संगम आठवतो. २०२५ च्या नोव्हेंबरपासून या नावाची आणखी एक मानकरी झाली आहे, आणि ती आहे एक दूरची सर्पिल दीर्घिका. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील संशोधक विद्यार्थिनी राशी जैन आणि त्यांचे मार्गदर्शक योगेश वाडदेकर यांनी ती हुडकून काढली. आपल्या आकाशगंगेला हिंदीत मंदाकिनी म्हणतात; तिची बहीण ती अलकनंदा. बारसे झकास झाले. पण बारशाच्या कौतुकात बाळाची पत्रिका वाचायची राहू नये, कारण खरी गंमत तिथे आहे.

अलकनंदेचा जो प्रकाश वेब दुर्बिणीने टिपला, तो तिथून १,२०० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी निघालेला. म्हणजे आपण पाहतो ते तिचे रूप विश्व जेमतेम दीडशे कोटी वर्षांचे असतानाचे. त्या काळातल्या दीर्घिका ओबडधोबड, गाठीगाठींच्या असाव्यात, अशी अपेक्षा होती. सर्पिल दीर्घिकेची घडी बसायला वेळ लागतो. वायू हळूहळू गोळा व्हायचा, फिरत्या तबकडीत स्थिरावायचा, मग तबकडीत घनतेच्या लाटा उठून बाहू आकाराला यायचे. आणि हे चालू असताना कुण्या मोठ्या शेजारणीने धडक देता कामा नये. अलकनंदेत मात्र मध्यभागी तेजस्वी फुगवटा आहे, त्याला वेढणारे दोन रेखीव बाहू आहेत आणि बाहूंवर, माळेत मणी ओवावेत तसे, नव्या ताऱ्यांचे पुंजके आहेत. व्यास सुमारे ३०,००० प्रकाशवर्षे. ताऱ्यांचे वस्तुमान सुमारे १,००० कोटी सूर्यांइतके. दरवर्षी साठेक सूर्यांच्या भाराचे तारे तिथे जन्मत होते, आपल्या आकाशगंगेच्या आजच्या वेगाच्या वीसेक पट!

माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली. तेरीज जुळली नाही की दोन प्रकारची माणसे दिसत. एक, फरक कुठल्यातरी खात्यात ढकलून शेवटची लोकल गाठणारी. दुसरी, पहिल्याच फरकाला ‘सगळी पुस्तकेच खोटी’ म्हणून हात वर करणारी. फरक सस्पेन्स खात्यात उघड मांडून, खुणा करत एकेक पान पुन्हा तपासणारा हेडक्लार्क विरळा. अलकनंदेचे नाव घेऊन ‘महास्फोटाचा सिद्धांत मोडीत काढा’ म्हणणारेही निघतील. तसे काही झालेले नाही. जुळत नाही तो दीर्घिकांच्या वाढीचा दर. थंड वायूचा अखंड पुरवठा मिळाला असेल, किंवा एखादी लहान दीर्घिका येऊन धडकली आणि बाहू उमटले असतील. दोन्ही शक्यता संशोधकांनी खुल्या ठेवल्या आहेत, हे मला त्यांच्या शोधाइतकेच मोलाचे वाटते.

हेवा वाटतो तो आणखी एका गोष्टीचा. वेब दुर्बीण अमेरिका, युरोप आणि कॅनडाची. पण तिच्या या सर्वेक्षणांची खतावणी सर्वांसाठी उघडी. पुण्यात संगणकासमोर बसून ती चाळता आली, म्हणूनच ही नोंद एका विद्यार्थिनीच्या नजरेस पडली. निसर्गानेही हात दिला. वाटेत आबेल २७४४ हा दीर्घिकांचा समूह आडवा आला आणि त्याच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखे काम करून अलकनंदेला दुप्पट तेजस्वी केले. शिवाय एकाच आकाशाची २१ फिल्टरांतून टिपलेली चित्रे हाताशी होती. त्या रंगांवरूनच तिचे अंतर आणि ताऱ्यांचे वय काढता आले.

आता पाहायचे आहे ते तिच्या तबकडीचे फिरणे. प्रकाशाचे वर्णपट घेऊन ते मोजता येते. तबकडी शांत, शिस्तीत फिरणारी निघाली, तर दीर्घिकांच्या जडणघडणीचे वेळापत्रक नव्याने लिहावे लागेल. खळबळती निघाली, तर हे बाहू कुणाच्या धक्क्याने उमटले, त्याचा माग काढावा लागेल.