जुनी बोट आणि परवडणारं शीड

वारा फुकट मिळतो, पण तो धरणारं कापड महाग असतं. शिडाच्या जुन्या बोटीचा संसार करणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी कळतं. आमचे दादा मर्चंट नेव्हीतून निवृत्त झाले आणि त्यांनी सत्तावीस फुटी जुनी फायबरची बोट घेतली. गेल्या मोसमात आग्वादबाहेर ऐन वाऱ्यात तिचं मोठं शीड उसवलं. इंजिन होतं म्हणून मांडवीत परतता आलं. त्यावर वहिनींनी दोन अटी घातल्या: नवं शीड आल्याशिवाय खाडीबाहेर जायचं नाही, आणि त्यासाठी ठेव मोडायची नाही. नाहीतर बोट विकायची.

घरचा हिशेब माझ्याकडे असल्याने ही चौकशीही माझ्याकडेच आली.

पहिला प्रश्न असा की, नवं शीड खरंच लागतं का? आजची साधी शिडं पॉलिस्टरच्या विणलेल्या कापडाची असतात. त्याला डेक्रॉन म्हणतात. उन्हाने आधी दोरा मरतो, कारण तो कापडाच्या वर उघडा असतो. कापड शाबूत असेल तर नागमोडी टाक्याची नवी शिवण घालून शीड आणखी काही वर्षं चालतं. पारख सोपी आहे. कापडात सुई खुपसून हलकेच ओढावी. छिद्र फाटत गेलं तर कापड संपलं. दादांचं पुढचं शीड या परीक्षेत पास झालं, मोठं नापास.

ताडपत्रीवाल्याकडून शिवून का घेऊ नये, असं मीही विचारलं. पण शीड ही सपाट चादर नव्हे. पट्ट्यांच्या कडा किंचित वक्र कापून जोडतात, तेव्हा त्याला पोट येतं, आणि त्या पोटामुळेच बोट वाऱ्याच्या बाजूला चढू शकते. कापड सैल झालं की पोट मागे सरकतं. मग बोट कलते जास्त आणि पुढे जाते कमी.

दुसरा मार्ग वापरलेल्या शिडाचा. अमेरिका-युरोपात अशी शिडं विकणारी दुकानंच आहेत. मात्र शर्यतीच्या बोटींवरून उतरवलेलं, फिल्मचे थर चिकटवून केलेलं शीड स्वस्त दिसलं तरी टाळावं. त्याचे थर सुटतात. माप जुन्या शिडाचं न घेता बोटीचं घ्यावं, कारण शीड ताणलेलं असतं. मोठ्या शिडासाठी दोन मापं मुख्य: डोलकाठीवरची उंची आणि खालच्या आडव्या दांड्यावरची लांबी. उंची 9 मीटर, लांबी 3 मीटर असेल तर क्षेत्रफळ साधारण साडेतेरा चौरस मीटर. थोडं लहान शीड चालतं, मोठं चालत नाही. डोलकाठीच्या खाचेत बसणाऱ्या सरकपट्ट्याही जुळायला हव्यात.

तिसरा मार्ग, नवं पण साधं. हाँगकाँग आणि थायलंडमध्ये शिडं शिवण्याचा जुना धंदा आहे. मापं पाठवली की ते शिवून देतात. दर विचारताना वाहतूक आणि जकात धरूनच आकडा मागावा. आम्ही पावसाळ्यात, बोट किनाऱ्यावर असताना मागणी नोंदवली, म्हणजे घाई नाही. पुढच्या शिडाला नवी शिवण घातली, मोठं नवं मागवलं. ठेवीला हात लागला नाही.

साध्या कापडाला कमी लेखू नये. अभिलाष टॉमी 2023 मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत दुसरे आले, ती शर्यत 1988 पूर्वीच्या आराखड्यांच्या बोटींची असते आणि तिथे आधुनिक महागडी शिडं चालत नाहीत. तरीही एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा होते.

नवं शीड आल्यावर मात्र त्याला जपावं. बंदरात त्यावर आवरण घालावं, वाऱ्यात फडफडत ठेवू नये, मोसम संपला की गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून घडी घालावी. ओलं गुंडाळलेलं शीड आपल्या दमट हवेत बुरशी धरतं. शीड स्वस्त कुठे मिळतं याहून ते किती वर्षं टिकतं, यावरच त्याची खरी किंमत ठरते.