रंगलेले हात आणि हिशेबाबाहेरची मजुरी

कातडे रंगविणाऱ्या कामगाराचा दिवस काम सुटल्यावरही संपत नाही. धारावीतील पिशव्या-पट्ट्यांचे गाळे असोत, आग्र्यातील जोड्यांचे घरगुती कारखाने असोत, किंवा कानपूरच्या जाजमऊतील आणि तामिळनाडूच्या अंबूर-वाणियंबाडीतील टॅनऱ्या असोत. हत्यारे खाली ठेवल्यानंतर तेथील माणसाला आणखी एक काम उरते, ते स्वतःचे हात घासण्याचे. घासलेट, थिनर, ब्लीचिंग पावडर, धुण्याचा सोडा, आणि काहीच नसेल तर विटेचा तुकडा. जे हाती लागेल त्याने तो बोटे खरवडतो. या कामाची मजुरी त्याला कोणी देत नाही. वरवर पाहता हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. वस्तुतः श्रमिकाच्या शरीराची किंमत कोणी मोजावी, हाच मूळ प्रश्न येथे दडलेला आहे.

रंग कातड्याला का धरतो हे समजले म्हणजे तो हातावरून का निघत नाही हेही समजते. कमावलेले कातडे म्हणजे प्रथिनांचे तंतू. मनुष्याच्या त्वचेचा वरचा थरही प्रथिनांचाच. कातड्यासाठी वापरले जाणारे रंग या प्रथिनांनाच चिकटतात. मेलेल्या जनावराचे चामडे आणि जित्या माणसाचा तळवा यांत रंग भेद करीत नाही. तो भेद समाजाने करावयाचा असतो.

थिनर किंवा घासलेट लावल्याने डाग फिका होतो खरा, परंतु त्याबरोबर त्वचेतील संरक्षक स्निग्धांशही निघून जातो. हात कोरडे पडतात, भेगा पडतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच भेगांतून रंग व क्रोमचे क्षार अधिक आत शिरतात. म्हणजे उपाय हाच रोगाचा दरवाजा ठरतो. शहाणपणाचा मार्ग साधा आहे. काम सुरू करण्यापूर्वी रबरी हातमोजे घालावेत. ते नसतील तर निदान नखांच्या कडांना व बोटांना खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळावे. रंग लागताच, तो वाळण्याआधी, साबण व कोमट पाण्याने हात धुवावेत. वाळलेल्या डागावर प्रथम तेल चोळून मग साबण लावावा. त्यानंतरही जे उरेल ते तसेच राहू द्यावे. त्वचेचा वरचा थर झडतो तसा डागही काही दिवसांत जातो. हात धुतल्यावर पुन्हा तेल लावावे. परंतु या प्रत्येक उपायाला पाणी, साबण, हातमोजे आणि दहा मिनिटे लागतात. नगावर मजुरी घेणाऱ्याच्या दहा मिनिटांत एखादा नग बुडतो.

इतिहासाची साक्ष अधिक कठोर आहे. रंगाच्या कारखान्यातील कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे लुडविग रेन या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९५ साली जगासमोर मांडले. पुढे बेन्झिडीनसारखी द्रव्ये दोषी ठरली. तरीही जर्मनीने घातक अ‍ॅझो रंगांवर निर्बंध घातले ते १९९४ साली, आणि भारत सरकारचे बंदीचे आदेश निघाले ते १९९३ व १९९७ मध्ये. मधली जवळजवळ शंभर वर्षे कामगारांच्या शरीरावर काढली गेली. २००२ साली युरोपीय संघाने त्वचेला लागणाऱ्या कातडी वस्तूंत अशा घातक अमाइनांची मर्यादा किलोमागे ३० मिलिग्रॅम ठरविली. ही मर्यादा योग्यच आहे. मात्र त्या मोजमापात वस्तू मोजली जाते, वस्तू घडविणारा हात मोजला जात नाही. ग्राहकाच्या पायाला जे संरक्षण मिळाले, ते कारागिराच्या बोटांना मिळू नये, हा बाजाराचा न्याय आहे.

कायद्याने काहीच दिले नाही असे नव्हे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४२ व्या कलमाने हात धुण्याची पुरेशी व स्वच्छ सोय मालकावर बंधनकारक केली. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात रसायनांमुळे होणारा त्वचारोग व्यवसायजन्य म्हणून नोंदविला गेला. परंतु त्या भरपाईसाठी एकाच मालकाकडे सलग सहा महिन्यांची नोकरी सिद्ध करावी लागे. हजेरीपटावर ज्याचे नाव नाही त्याने ती कशी सिद्ध करावी? कारखाना ठरण्यासाठी वीज वापरणाऱ्या जागी १० व बिनविजेच्या जागी २० कामगार पुरेसे होते. २०२० च्या संहितेने हे आकडे २० व ४० केले. आणि चार-सहा माणसांची पोटमाळ्यावरची खोली सामान्यतः जुन्या कायद्याच्याही बाहेर होती आणि नव्याच्याही बाहेर आहे.

या डागाला जातीचाही रंग आहे. चर्मकार, ढोर, जाटव या समाजांच्या हातांचा स्पर्श शतकानुशतके विटाळ मानला गेला. त्या हातांनी घडविलेली वहाण मात्र घरोघर चालली. म्हणूनच तरुण कारागीर लग्नकार्याला जाण्याआधी बोटे रक्त येईपर्यंत घासतो. त्याला केवळ रंग काढावयाचा नसतो, ओळख पुसावयाची असते. ही लाज त्याची नव्हे. ती त्याच्यावर लादणाऱ्या समाजाची आहे.

कामगार चळवळीनेही येथे आत्मपरीक्षण करावयास हवे. मागणीपत्रकात साबण व हातमोजे ही शेवटची ओळ असते आणि तडजोडीत तीच प्रथम गळते. ती वर आणली पाहिजे. हात धुण्याचा वेळ मजुरीच्या वेळेत धरला जावा; साबण, तेल व हातमोजे मालकाने पुरवावेत; रंगाच्या प्रत्येक डब्यावर त्यातील द्रव्ये कामगाराला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेली असावीत; आणि घरी काम करणाऱ्या स्त्रियांसह प्रत्येकाचे नाव नोंदवहीत असावे. या मागण्यांसाठी कोणतीही तिजोरी रिकामी होणार नाही. त्या मान्य होत नाहीत याचे कारण खर्च नव्हे. त्या पुरेशा आवाजात मागितल्या गेलेल्या नाहीत, हे आहे.